गोंगाटाखालचे ऐकताना

हौशी रेडिओच्या जगात नव्याने येणाऱ्याला आज जे पहिले संभाषण मिळते, त्यात बहुधा आवाजच नसतो. संगणकाच्या पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या-तांबड्या रेघा वरून खाली सरकत असतात. शेजारच्या चौकटीत दर पंधरा सेकंदांनी काही ओळी उमटतात आणि त्यांतल्या एका ओळीत अचानक आपले कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेले सांकेतिक नाव, दिसते. जपानमध्ये, इटलीत किंवा इंडोनेशियात बसलेल्या कुणीतरी आपल्याला ऐकलेले असते. दीड मिनिटात देवाणघेवाण पुरी होते आणि लॉगमध्ये नोंद पडते. समोरच्याचा आवाज कळत नाही, स्वभाव कळत नाही, बहुतेकदा नावही कळत नाही. याला संभाषण म्हणायचे का, असा प्रश्न जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, विचारतात आणि तो रास्त आहे. मी काही वर्षे हे डिजिटल प्रकार वापरतो आहे, नव्या मंडळींना त्यांत उतरायला मदतही करतो. या काळात त्या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. त्याचे जे उत्तर मला पटले, ते नव्याने सुरुवात करणाऱ्याच्या उपयोगी पडेल असे वाटते.

हौशी रेडिओ हा मुळातच ‘निरुपयोगी’ ठरवलेल्या जागेत वाढलेला छंद आहे. अमेरिकेतल्या १९१२च्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकलले. दूरच्या संदेशवहनासाठी या लहरी कुचकामी आहेत, असा त्या वेळच्या जाणकारांचा समज होता. हौशी माणसांनी त्याच लहरींवर प्रयोग चालू ठेवले आणि नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्स व अमेरिका यांच्यात अटलांटिक महासागर ओलांडून दुतर्फा संपर्क साधला. आखूड लहरी जगाच्या पलीकडल्या टोकापर्यंत जातात, हे व्यवहारात दाखवून देण्यात या बिनपगारी माणसांचा मोठा वाटा होता. पैसे मिळवण्यासाठी नव्हे, तर समजून घेण्यासाठी रेडिओ वापरायचा, ही या छंदाची मूळ अट आहे. डिजिटल प्रकारांकडेही याच अटीच्या प्रकाशात पाहायला हवे.

आपल्याकडे हा छंद परवान्याशिवाय करता येत नाही आणि ते योग्यच आहे. दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात. परवान्याचे दोन वर्ग आहेत, ‘रिस्ट्रिक्टेड’ आणि ‘जनरल’. पहिल्या वर्गाची कॉलसाइन ‘व्हीयू३’ने सुरू होतात, दुसऱ्याची ‘व्हीयू२’ने. जनरल वर्गासाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावे लागते, रिस्ट्रिक्टेडसाठी मोर्सची अट नाही. पुष्कळ तरुण मुले-मुली अभ्यासक्रमाकडे अडथळा म्हणून पाहतात. मला मात्र तो अभ्यास या छंदाचा पहिला आनंद वाटतो. कॅपॅसिटर काय करतो, अनुनाद म्हणजे काय, तारेची लांबी आणि लहरीची लांबी यांचा संबंध काय, हे एकदा नीट कळले की पुढे पडद्यावर दिसणारी प्रत्येक ओळ अर्थपूर्ण होते. ते कळले नसेल, तर त्याच ओळी नुसती करमणूक होऊन राहतात.

डिजिटल संदेशवहन हौशी रेडिओला नवे नाही. टेलिप्रिंटरची खडखडाट करणारी यंत्रे हौशी मंडळींनी पूर्वीच आपलीशी केली होती. १९९८च्या सुमारास पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हौशाने ‘पीएसके३१’ हा प्रकार लोकांपुढे ठेवला. घरच्या संगणकाचे साउंडकार्ड आणि रेडिओ जोडून, जेमतेम ३१ हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात दोन माणसे कीबोर्डवरून एकमेकांशी बोलू लागली. पण आज नवखा माणूस ज्या प्रकारापासून सुरुवात करतो, तो ‘एफटी८’ २०१७मध्ये आला. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके या दोघांनी तो रचला. दोघेही परवानाधारक हॅम आहेत.

टेलर यांची ओळख केवळ हॅम म्हणून सांगून भागत नाही. १९७४मध्ये त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रसेल हल्स यांनी एका जोडताऱ्यात फिरणारा पल्सार शोधला. त्या शोधासाठी दोघांना १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पल्सारकडून येणारे रेडिओ स्पंद अतिशय क्षीण असतात. आकाशाचा गोंगाट आणि यंत्राचा स्वतःचा गोंगाट यांच्याखाली ते बुडालेले असतात. ते बाहेर काढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने निवृत्तीच्या आसपास तीच नजर आपल्या पोरवयातल्या छंदाकडे वळवली. २००१पासून त्यांचे प्रोग्राम उल्कांच्या क्षणिक मागांवरून आणि चंद्राच्या पृष्ठभागावरून परतणारे संकेत वाचू लागले. पुणे जिल्ह्यातल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या महाकाय दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या याच प्रकारचे काम करतात. जुन्नर तालुक्यातल्या शेतांमधून त्या पल्सारचे स्पंद टिपतात. गोंगाटाखालचे ऐकण्याची ती विद्या आणि आपल्या गच्चीवरच्या तारेतून जपान ऐकण्याची विद्या एकाच घराण्यातल्या आहेत.

हे साधते कसे, ते नवख्याने जरूर समजून घ्यावे. एफटी८चा एक संदेश फक्त ७७ बिटांचा असतो. त्यात दोन कॉलसाइन आणि ठिकाणाचा संकेत किंवा संकेताच्या ताकदीचा आकडा, एवढेच मावते. त्याला पडताळणीचे १४ बिट आणि चूक दुरुस्त करण्यासाठीचे आणखी ८३ बिट जोडून १७४ बिट पाठवले जातात. ते आठ वेगवेगळ्या सुरांत बांधलेले असतात आणि सगळा संदेश पन्नास हर्ट्झ रुंदीत, १२.६४ सेकंदांत संपतो. पडद्यावर एखाद्या केंद्रापुढे ‘उणे २०’ असे लिहिलेले दिसते. त्याचा अर्थ असा, की अडीच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात जेवढा गोंगाट आहे, त्याच्या शंभराव्या भागाएवढीच त्या संकेताची शक्ती आहे. पण संकेत स्वतः पन्नास हर्ट्झमध्येच राहतो आणि तेवढ्या अरुंद पट्ट्यात गोंगाटही पन्नासाव्या भागाएवढाच असतो. म्हणजे खरी झुंज एकास शंभर अशी नसून एकास दोन अशी असते. उरलेली तूट दुरुस्तीचे बिट भरून काढतात. शिवाय प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सुरांची एक ठरलेली मांडणी असते. प्रोग्राम आधी ती शोधतो. जत्रेच्या गलक्यात आईला आपल्या लेकराची हाक ऐकू येते, कारण ती हाक कशी असेल हे तिला ठाऊक असते. इथेही काय ऐकायचे ते आधी ठरलेले असते, म्हणून ते ऐकू येते.

यात जादू नाही, तडजोड आहे. शब्द कमी केले, वेग कमी केला, वेळ ठरवून घेतली आणि त्या बदल्यात अंतर मिळवले. ही तडजोड मनात पक्की बसली, की कोणत्या कामासाठी हा प्रकार चांगला आणि कोणत्या कामासाठी निकामी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शहरात राहणाऱ्याच्या दृष्टीने ही तडजोड फार मोलाची आहे. पूर्वी हौशी केंद्र म्हटले की उंच मनोरा, मोठी अँटेना, मोकळे आवार असे चित्र डोळ्यांपुढे येई. आज पुण्या-मुंबईत हा छंद सुरू करणाऱ्याच्या वाट्याला सोसायटीची गच्ची येते, तीही समितीची परवानगी मिळाली तर. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या छपरापर्यंत एखादी तार बांधता येते. खाली प्रत्येक घरात एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि टीव्ही असतात, आणि त्यांतले स्विचिंग पुरवठे दिवसरात्र रेडिओ-गोंगाट करत असतात. हा गोंगाट किती, ते वीज गेल्यावर कळते. बॅटरीवर चालणारा रेडिओ सुरू असताना सगळ्या इमारतीची वीज गेली, की पडद्यावरची धूसर पार्श्वभूमी एकदम स्वच्छ होते आणि एरवी दबलेल्या कितीतरी रेघा वर येतात. अशा परिस्थितीत माइकवर बोलून दूरचा संपर्क साधायचा, तर नवख्याचा धीर सुटतो. एफटी८ मात्र दहा-वीस वॉट आणि एवढ्याशा तारेवर त्याला जगाच्या नकाशावर आणून ठेवतो. मैदान नसलेल्यांसाठी या छंदाचे दार त्याने उघडे ठेवले, हे त्याचे श्रेय मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

सुरुवात मात्र ऐकण्यापासून व्हावी, असा माझा आग्रह असतो. त्यासाठी रेडिओ विकत घेण्याचीही गरज नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात चालणारा एक रिसीव्हर घरच्या ब्राउझरमधून कुणालाही ऐकता येतो. त्यावर १४.०७४ मेगाहर्ट्झ लावावे, अपर साइडबँड निवडावी, म्हणजे शिट्ट्यांचा एक सलग समूहस्वर ऐकू येतो. तो आवाज संगणकाच्या आतल्या आत ‘डब्ल्यूएसजेटी-एक्स’ या मोफत प्रोग्रामला दिला, की ओळी उमटू लागतात. संगणकाचे घड्याळ सेकंदाभराच्या आत बरोबर असले पाहिजे, कारण सगळे जग मिनिटाच्या शून्य, पंधरा, तीस आणि पंचेचाळिसाव्या सेकंदालाच पाठवायला सुरुवात करते. इंटरनेटवरून आवाज यायला जो उशीर लागतो, तोही प्रोग्राममधल्या वेळेच्या रकान्यात दिसतो. नोंदी जागतिक वेळेत ठेवायच्या, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. परवान्याचा अभ्यास चालू असतानाच हे सगळे करता येते. कॉलसाइन हाती येईपर्यंत ऐकणारा माणूस बराच शहाणा झालेला असतो.

प्रत्येक सीक्यूच्या, म्हणजे कुणीही उत्तर द्यावे म्हणून घातलेल्या सादेच्या, ओळीत बहुधा चार चिन्हांचा एक संकेत असतो. पृथ्वीचा नकाशा दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांश अशा चौकोनांत विभागला आहे. पुणे ‘एमके६८’मध्ये येते, मुंबई ‘एमके६९’मध्ये, पणजी ‘एमके६५’मध्ये आणि नागपूर ‘एमएल९१’मध्ये. आपल्या अक्षांशावर हा चौकोन उत्तर-दक्षिण साधारण १११ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २१० किलोमीटरच्या आसपास भरतो. हे संकेत वाचायची सवय लागली, की पडद्यावरच्या ओळी भूगोल बनतात. कोणत्या वेळी कोणता प्रदेश ऐकू येतो, हे टिपून ठेवले की आठ-पंधरा दिवसांत एक आकृती दिसू लागते.

ती आकृती सूर्याने काढलेली असते. दिवसा साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा ‘डी’ थर ७ मेगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतो. म्हणून चाळीस मीटर बँडवर दुपारी जवळपासची राज्ये ऐकू येतात, दूरचे फारसे नाही. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि त्याहून कितीतरी वर असलेल्या ‘एफ’ थरावरून लहरी दूरवर परावर्तित होऊ लागतात. मग आधी पूर्वेकडचे, अंधारात गेलेले देश येतात, पहाटेच्या सुमारास पश्चिमेकडचे. १४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे वीस मीटर बँडचे तंत्र वेगळे. तिथे संध्याकाळी युरोप भरभरून येतो. पुस्तकात हे सारे एका परिच्छेदात वाचून होते. पण आपल्याच तारेवर, आपल्याच गच्चीवरून, दिवसामागून दिवस ते घडताना पाहिले की आयनांबर ही कल्पना राहत नाही, शेजार होतो. मे २०२४मध्ये सूर्यावरून मोठे वादळ आले. लडाखमधल्या हानले येथून आकाशात लाल आभा दिसली, तिची छायाचित्रे सर्वत्र छापून आली. त्या दिवसांत माझ्या पडद्यावरच्या दूरच्या ओळी विरळ झाल्या होत्या. पंधरा कोटी किलोमीटरवरच्या घटनेचा परिणाम घरातल्या टेबलावर वाचता यावा, याचे मला आजही मोठे अप्रूप वाटते.

ऐकण्यातून अँटेनाही कळते. ७ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या लहरीची डायपोल सुमारे वीस मीटर लांब होते, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. १४ मेगाहर्ट्झला त्याच्या निम्मी. पहिली अँटेना विकत घेऊ नये, तार कापून स्वतः करावी. ती कशी चालते हे पाहायला टेलर यांचाच ‘विस्पर’ हा प्रकार आहे. त्यात कुणाशी बोलायचे नसते. आपले केंद्र एका वॉटच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या शक्तीनेही दोन मिनिटांचा एक छोटा संदेश पाठवते आणि जगभरातली केंद्रे तो ऐकू आल्याची नोंद करतात. तार दोन मीटर वर उचलली तर काय फरक पडतो, पूर्व-पश्चिम बांधली तर काय, उलट्या ‘व्ही’सारखी उतरती केली तर काय, याचे उत्तर दुसऱ्या दिवशी नकाशावर मिळते. अनुमानाने नव्हे, मोजून शिकण्याची ही संधी पूर्वीच्या नवख्यांना नव्हती. एक सूचना मात्र कधीच विसरू नये. वळवाचे ढग जमू लागले, की अँटेनाची केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवावी. वीज कडाडायला लागल्यावर केबलला हात लावायला जाऊ नये.

प्रक्षेपणाची वेळ आल्यावर डिजिटल प्रकार वेगळी शिस्त मागतात. माइकवर बोलताना शब्दांमध्ये विराम असतात, एफटी८मध्ये रेडिओ पावणेतेरा सेकंद सलग पूर्ण शक्तीवर चालतो. म्हणून शंभर वॉटचा संच तीस-चाळीस वॉटवर चालवावा, तो तापतो आहे का पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संगणकातून रेडिओला जाणारा आवाज. तो गरजेपेक्षा मोठा असला तर रेडिओ त्याला आतल्या आत दाबतो, आणि मग एका स्वच्छ रेघेच्या जागी आजूबाजूला तिच्या सावल्या उमटतात. वीस मीटर बँडवर जगातली बहुतेक एफटी८ केंद्रे जेमतेम तीन किलोहर्ट्झच्या पट्टीत दाटीने नांदत असतात. तिथे एकाचा बेशिस्त संकेत अनेकांच्या ओळी पुसून टाकतो. शक्ती वाढवण्याचा मोह होतो, तेव्हा आधी तारेकडे पाहावे. काम होईल एवढ्याच शक्तीवर संपर्क साधायचा, हा हौशी रेडिओचा जुना संस्कार आहे. जिथे पाच वॉटमध्ये काम होते, तिथे तो पाळणे सोपेही आहे.

महागडा संच हवाच, असे नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांनी सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधता येईल असा ‘बिटएक्स’ हा संच रचला आणि त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि जगभरच्या हौशांनी त्या बांधल्या, बदलल्या. या छंदात जगाने भारताकडून काही घेतले, त्याचे हे ठळक उदाहरण आहे. असा संच उघडून त्यातला प्रत्येक टप्पा बोटाने दाखवता येतो. नवख्याला याहून चांगले पाठ्यपुस्तक मिळणार नाही.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येतो. साताऱ्याकडे राहणारे एक ज्येष्ठ हॅम आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडून मी मोर्स शिकलो. माझ्या पडद्यावरच्या ओळी बराच वेळ पाहून ते एकदा म्हणाले, “अरे, हे यंत्र त्या यंत्राशी बोलतंय. तू कुठे आहेस यात?” काकांनी आयुष्यभर कानाने संकेत टिपले. समोरचा माणूस दमला आहे की उत्साहात आहे, हे ते त्याच्या मोर्सच्या हातावरून सांगत. त्यांच्या प्रश्नात हेटाळणी नव्हती, खरी काळजी होती.

त्याचे अर्धे उत्तर असे, की मी तारेत आहे, वेळ निवडण्यात आहे, कोणता बँड आत्ता कुठे उघडा असेल या अंदाजात आहे. यंत्र फक्त वाचते. काय वाचायला मिळावे, याची तजवीज माणूसच करतो. उरलेल्या अर्ध्यात मात्र काकांचेच म्हणणे खरे आहे. एफटी८मध्ये मोकळा मजकूर पाठवायचा, तर एका वेळी तेरा चिन्हे मिळतात, तीही रोमन अक्षरे, आकडे आणि दोन-चार खुणा यांतूनच. देवनागरीचे एक अक्षरही त्यातून जात नाही. ‘कसे आहात’ एवढेही आपल्या लिपीत विचारण्याची सोय या प्रकारात नाही.

ही उणीव किती मोठी आहे, ते संकटात कळते. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद या दिल्लीच्या हॅम आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात गेल्या होत्या. त्या बेटांवरून क्वचितच होणारे हौशी प्रक्षेपण करावे, एवढाच हेतू होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि बेटांचा संपर्क तुटला. त्यांनी आपला संच त्याच क्षणी मदतीच्या कामाला लावला. बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत त्या रेडिओवरून पोहोचवत राहिल्या. तिथे नाव नीट उच्चारावे लागते, पत्ता पुन्हा विचारावा लागतो, घाबरलेल्या माणसाला धीर द्यावा लागतो. ७७ बिटांत यातले काहीच बसत नाही. ज्याने फक्त एफटी८ केले आहे, तो अशा प्रसंगी परवाना असूनही उपयोगी पडत नाही, कारण बोलण्याची, ऐकून लिहून घेण्याची, गर्दीत आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची सवय त्याला झालेलीच नसते.

म्हणून एफटी८ला मी शाळेचा पहिला वर्ग मानतो. तो वर्ग उत्तम आहे. आकाश, तार, शक्ती, वेळ आणि शिस्त हे पाच विषय तो जितक्या लवकर शिकवतो, तितक्या लवकर दुसरे काही शिकवत नाही. पण कुणी पहिल्याच वर्गात आयुष्य काढू नये. डिजिटलमध्येच राहायचे, तरी पुढे पुष्कळ वाटा आहेत. ‘पीएसके३१’वर कीबोर्डवरून गप्पा होतात. ‘जेएस८कॉल’ने एफटी८चे तंत्र घेऊन त्यात मोकळ्या मजकुराची सोय केली. ‘विनलिंक’ने इंटरनेट नसलेल्या ठिकाणाहून रेडिओवरून ईमेल जाते, आपत्तीच्या कामात त्याचे महत्त्व आहे. १४५.८२५ मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातले उपकरण छोटे संदेश झेलून परत खाली पाठवते, आणि स्थानक डोक्यावरून जात असताना साध्या संचानेही ते साधता येते. प्रत्येक वाटेवर काहीतरी नवे समजते. मात्र सारे जग ऐकत असलेल्या आकाशात आपण बोलतो आहोत, हे भान सर्वत्र सारखेच ठेवावे लागते. हौशी रेडिओवर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरता येत नाही, धंद्याचे निरोप देता येत नाहीत. एफटी८चे संकेतन या नियमात बसते, कारण ते कसे चालते हे जाहीर आहे आणि प्रोग्रामचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो. हा उघडेपणा या छंदाचा कणा आहे. नव्या माणसाने तो पहिल्या दिवसापासून जपावा.

संख्येचा मोह हा या प्रकारातला खरा धोका आहे, असे मला वाटते. पडद्यावर देशांची यादी वाढत जाते, नवा देश वेगळ्या रंगात चमकतो, आणि मग संपर्क म्हणजे गोळा करायची वस्तू वाटू लागते. नवख्याने लॉगमध्ये आणखी एक रकाना ठेवावा. हा संपर्क का झाला असेल, कोणत्या वेळी, कोणत्या तारेवर, सूर्य कसा होता, हे त्यात दोन शब्दांत लिहावे. असा लॉग वर्षाअखेरीस वाचताना आपण काय शिकलो ते कळते. नुसत्या आकड्यांतून ते कळत नाही.

ज्यांना हा छंद खुणावतो आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच. परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास आजच काढा. तो चालू असताना रोज थोडा वेळ ऐका आणि ऐकलेले लिहून ठेवा. कॉलसाइन आले की स्वतः कापलेल्या तारेवर, थोड्या शक्तीत, स्वच्छ संकेताने पहिला सीक्यू द्या. वर्षभर एफटी८ मनापासून करा, त्याच्याकडून आकाश शिकून घ्या. मग एखाद्या सकाळी चाळीस मीटरवर जा, जिथे आपली माणसे हिंदीतून, इंग्रजीतून, कधी मराठीतूनही बोलत असतात. त्यांचे बोलणे थांबेपर्यंत थांबा, माइक हातात घ्या, आपले कॉलसाइन सांगा, आपले नाव सांगा, आणि समोरच्याचे नाव विचारा.